बिल्ड पास, पण प्रोग्रॅम सुरूच होत नाही: शेअर्ड लायब्ररींचं गणित

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर इंजिनिअरने जगाला सावध केलं. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी जाणूनबुजून चोरवाट ठेवली होती. निशाण्यावर होता एसएसएच सर्व्हर, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करू देणारा प्रोग्रॅम. बातमी वाचून अनेक जण गोंधळले, आणि त्यांचा गोंधळ रास्त होता. ओपनएसएसएच या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसएसएच सर्व्हरच्या मूळ कोडमध्ये एक्सझेडच्या लायब्ररीचं नावसुद्धा नाही. मग ती एसएसएच सर्व्हरच्या आत पोचली कशी?

उत्तर असं. डेबियन, फेडोरा यांसारख्या काही लिनक्स वितरणांनी, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांनी, आपल्या एसएसएच सर्व्हरमध्ये एक छोटी भर घातली होती. ‘मी सुरू झालो’ हे लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीला कळवण्यासाठी ते लिबसिस्टिमडी ही लायब्ररी जोडत होते, आणि लिबसिस्टिमडीला स्वतःच्या वेगळ्याच कामासाठी एक्सझेडची लिबएलझेडएमए लागत होती. पहिलीला दुसरी लागते आणि दुसरीला तिसरी, त्यामुळे तिसरी आपोआप आत येते. कोणी मागितली नव्हती, पण प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये, तिला बाकीच्यांइतकेच अधिकार मिळाले.

तिथे हेतू वाईट होता. पण अगदी निर्मळ हेतूने बांधलेले प्रोग्रॅमही याच साखळीपायी रोज अडतात. लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज अशा तिन्हींसाठी एकाच कोडमधून सॉफ्टवेअर बांधणाऱ्यांना तर हा त्रास तिप्पट होतो, कारण लायब्ररी शोधण्याचे तिघांचे नियम वेगळे आहेत.

## आधी पाया: कोण कोणाला जोडतं

लायब्ररी म्हणजे आधीच लिहून, कंपाइल करून (मशीनच्या भाषेत बदलून) ठेवलेल्या फंक्शनांचा गठ्ठा. ती दोन प्रकारे वापरता येते. स्टॅटिक पद्धतीत बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवताना, लिंकर हा प्रोग्रॅम लायब्ररीतला लागणारा कोड उचलून तुमच्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये कायमचा घालतो. शेअर्ड पद्धतीत तो कोड बाहेरच राहतो. तुमच्या फाइलमध्ये फक्त ‘मला अमुक नावाची लायब्ररी लागेल’ अशी नोंद होते, आणि प्रोग्रॅम सुरू होताना लोडर ती लायब्ररी शोधून मेमरीत आणतो. लिनक्सवर अशा फाइलींचा शेवट ‘.एसओ’ने होतो, मॅकओएसवर ‘.डायलिब’ने आणि विंडोजवर ‘.डीएलएल’ने.

लेखातल्या तळटिपेसारखा हा प्रकार आहे. संदर्भग्रंथातली पानंच लेखाला जोडून दिली तर ती स्टॅटिक पद्धत. ‘अमुक ग्रंथ, तिसरी आवृत्ती पाहा’ एवढंच लिहिलं तर ती शेअर्ड. दुसऱ्या प्रकारात लेख हलका राहतो, पण तो ग्रंथ वाचकाच्या कपाटात असायला हवा, आणि तोही तिसऱ्याच आवृत्तीचा.

## शोध एकदा नव्हे, दोनदा होतो

या विषयातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे. लायब्ररीचा शोध दोनदा होतो आणि दोन्ही शोध एकमेकांना ओळखत नाहीत. पहिला शोध बिल्डच्या वेळी लिंकर घेतो, तुमच्या मशीनवर, तुम्ही दिलेल्या फोल्डरांत. दुसरा शोध प्रोग्रॅम चालवताना लोडर घेतो, वापरणाऱ्याच्या मशीनवर आणि त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नियमांनी.

बिल्ड पास झाला याचा अर्थ पहिला शोध यशस्वी झाला, एवढाच. सीमेक (बिल्ड आखणारं), पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररींचे पत्ते सांगणारं), व्हीसीपीकेजी आणि कोनान (लायब्ररी आणून देणारे पॅकेज मॅनेजर) ही साधनं बहुतांश पहिल्या शोधात मदत करतात. दुसऱ्या शोधाचं उत्तर तुम्ही ठरवलं नाहीत तर ते परिस्थिती ठरवते, आणि प्रत्येक मशीनवर परिस्थिती वेगळी असते.

## लिनक्स: नावाचे तीन पदर आणि शोधाचा क्रम

लिनक्सवर एकाच लायब्ररीची साधारण तीन नावं दिसतात. ‘लिबफू.एसओ.१.२.३’ ही खरी फाइल. ‘लिबफू.एसओ.१’ हे तिचं सोनेम, म्हणजे लायब्ररीच्या पोटात कोरलेलं अधिकृत नाव. ‘लिबफू.एसओ’ हे फक्त लिंकरसाठीचं नाव. शेवटची दोन सहसा सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नावं, असतात. लिंकर ‘लिबफू.एसओ’ उघडतो, आतलं सोनेम वाचतो आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये ‘लिबफू.एसओ.१ हवी’ अशी नोंद करतो. सोनेममधला १ हा सुसंगतीचा आकडा आहे. लायब्ररीच्या लेखकाने जुन्या प्रोग्रॅमना चालणार नाही असा बदल केला की तो आकडा २ व्हायला हवा.

बिल्डच्या मशीनवर डेव्हलपमेंट पॅकेज लागतं आणि वापरणाऱ्याच्या मशीनवर लागत नाही, ते यामुळेच. ‘लिबफू.एसओ’ हे नाव आणि हेडर फाइली (लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या) डेव्हलपमेंट पॅकेजमध्ये असतात. लोडरला त्यांच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता लोडर कुठे पाहतो ते बघू. आधी प्रोग्रॅममध्ये कोरलेला आरपाथ, म्हणजे शोधायच्या फोल्डरांची यादी, पण तिचाच नवा प्रकार असलेला रनपाथ प्रोग्रॅममध्ये नसेल तरच. मग एलडी_लायब्ररी_पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारं सेटिंग). मग रनपाथ. मग एलडीकॉन्फिग या साधनाने बनवलेला कॅशे, म्हणजे लायब्ररींच्या पत्त्यांची तयार यादी, आणि शेवटी ‘/लिब’ व ‘/यूएसआर/लिब’. प्रोग्रॅमचं स्वतःचं फोल्डर या यादीत कुठेच नाही. लायब्ररी प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवली तरी ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ असं उत्तर येतं ते म्हणूनच. विंडोजची सवय असलेला माणूस इथे हमखास अडतो.

यावरचा उपाय म्हणजे रनपाथमध्ये ‘$ओरिजिन’ लिहिणं. या शब्दाच्या जागी लोडर चालवताना, ज्या फाइलमध्ये तो लिहिला आहे तिचं फोल्डर घालतो. प्रोग्रॅम ‘बिन’मध्ये आणि लायब्ररी शेजारच्या ‘लिब’मध्ये असतील तर रनपाथ ‘$ओरिजिन/../लिब’ असा द्यायचा. पूर्ण फोल्डर उचलून कुठेही नेलं तरी शोध चुकत नाही.

हे मेकफाइलमध्ये, म्हणजे ‘मेक’ या बिल्ड साधनाच्या सूचना-फाइलमध्ये, लिहिताना मात्र डोळ्यांत तेल घालून लिहावं लागतं. मेक ‘$ओ’ला एकअक्षरी व्हेरिएबल समजतो. ते रिकामं असतं, त्यामुळे मागे नुसतं ‘रिजिन/../लिब’ उरतं. बिल्डमध्ये कसलीही तक्रार येत नाही, चूक फक्त चालवताना कळते. म्हणून मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा लिहायचा आणि पूर्ण मजकूर एकेरी अवतरणात ठेवायचा, म्हणजे पुढे शेलही त्याला हात लावत नाही. खात्रीसाठी ‘रीडएल्फ -डी’ चालवून रनपाथची ओळ प्रत्यक्ष वाचावी.

रनपाथची आणखी एक खोच आहे, आणि ती अनुभवी लोकांनाही चकवते. समजा तुमच्या प्रोग्रॅमला लिब-क लागते, लिब-कला लिब-ख लागते आणि दोन्ही ‘लिब’ फोल्डरमध्ये आहेत. प्रोग्रॅमच्या रनपाथमुळे लिब-क सापडते. पण लिब-खचा शोध घेताना लोडर प्रोग्रॅमचा रनपाथ पाहतच नाही. तो फक्त लिब-कचा रनपाथ पाहतो. तो रिकामा असेल तर लिब-ख त्याच फोल्डरमध्ये असूनही सापडत नाही. जुना आरपाथ ही साखळी शेवटपर्यंत पोचवायचा, रनपाथ पोचवत नाही. आज अनेक वितरणांचे लिंकर आपणहून रनपाथच लिहितात, त्यामुळे जुन्या मशीनवर चालणारी मांडणी नव्या मशीनवर मोडते. सोबत नेणार असाल त्या प्रत्येक लायब्ररीलाही ‘$ओरिजिन’ हा रनपाथ द्या. तयार लायब्ररीत तो नंतर घालायचा असेल तर ‘पॅचएल्फ’ वापरा.

सीमेक वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून असावी. बिल्ड फोल्डरमधल्या प्रोग्रॅममध्ये सीमेक स्वतःहून तुमच्या लायब्ररींचे पूर्ण पत्ते घालतो, म्हणून चाचण्या सुरळीत चालतात. ‘इन्स्टॉल’ करताना तेच पत्ते तो पुसून टाकतो. ‘सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ’ ठरवून दिलेला नसेल तर इन्स्टॉल केलेल्या प्रतीत काहीच उरत नाही. म्हणून चाचणी नेहमी इन्स्टॉल केलेल्या प्रतीवर घ्यावी.

## मॅकओएस: पत्ता लायब्ररीच सांगते

मॅकवर विचार उलटा आहे. तिथे प्रत्येक डायलिबच्या पोटात तिचं इन्स्टॉल नेम असतं, आणि ते बहुधा पूर्ण पत्त्यासकट असतं. लिंकर ते नाव जसंच्या तसं तुमच्या प्रोग्रॅममध्ये उतरवतो. होमब्रू या मॅकवरच्या पॅकेज मॅनेजरने बसवलेली लायब्ररी जोडली तर ‘/ऑप्ट/होमब्रू’ने सुरू होणारा पत्ता तुमच्या ॲपमध्ये जातो. ज्याच्या मशीनवर होमब्रू नाही, त्याच्याकडे ॲप उघडताच बंद पडतं. इंटेल मॅकवर होमब्रूचा मुक्काम ‘/यूएसआर/लोकल’मध्ये असतो, म्हणजे होमब्रू असूनही पत्ता चुकू शकतो.

दुरुस्तीचे टप्पे ठरलेले आहेत. ‘ओटूल -एल’ने (मोठा ‘एल’) पत्ते वाचा. लागणाऱ्या डायलिब ॲपच्या ‘फ्रेमवर्क्स’ फोल्डरमध्ये आणा. ‘इन्स्टॉल_नेम_टूल’ने प्रत्येक डायलिबचं स्वतःचं नाव ‘@आरपाथ/’ने सुरू होणारं करा, मग तिला वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमधला जुना पत्ता बदला. मुख्य प्रोग्रॅममध्ये ‘@एक्झिक्युटेबल_पाथ/../फ्रेमवर्क्स’ हा आरपाथ जोडा. डायलिब एकमेकींना वापरत असतील तर त्यांच्यातले पत्तेही बदलावे लागतात, आणि नेमकं तेच राहून जातं. नवा पत्ता जुन्यापेक्षा लांब असेल आणि फाइलच्या शीर्षभागात जागा नसेल तर साधन नकार देतं. म्हणून लिंक करतानाच ‘-हेडरपॅड_मॅक्स_इन्स्टॉल_नेम्स’ हा पर्याय द्यावा.

डिजिटल सही सगळ्यात शेवटी. पत्ता बदलला की आधीची सही मोडते, आणि ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर वैध सही नसलेला कोड चालतच नाही. टर्मिनलवर फक्त ‘किल्ड: ९’ दिसतं आणि माणूस मेमरीचा दोष शोधत बसतो. सही आतून बाहेर करायची, आधी डायलिब आणि मग ॲप. हार्डन्ड रनटाइम (मॅकची जादा सुरक्षा व्यवस्था) चालू असेल तर तुमच्या टीमने किंवा ॲपलने सही केलेल्याच लायब्ररी आत घेतल्या जातात, हेही ध्यानात ठेवा.

मॅकओएस ११पासून सिस्टिमच्या लायब्ररी स्वतंत्र फाइली म्हणून डिस्कवर नसतात, त्या एका मोठ्या सामाईक कॅशेमध्ये असतात. ‘/यूएसआर/लिब’मध्ये फाइल आहे का असं तपासणारी जुनी स्क्रिप्ट त्यामुळे फसते, जरी प्रोग्रॅम व्यवस्थित चालत असला तरी.

## विंडोज: फक्त नाव, पत्ता नाही

विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये डीएलएलचं नुसतं नाव असतं. रनपाथसारखी सोय नाही. साधारण क्रम असा: प्रोग्रॅमचं फोल्डर, सिस्टिम३२, १६-बिट काळातलं सिस्टिम फोल्डर, विंडोज फोल्डर, चालू फोल्डर आणि मग पाथ या व्हेरिएबलमधली फोल्डरं. म्हणून सरळ उपाय एकच, आपल्या डीएलएल ‘.ईएक्सई’च्या शेजारी ठेवायच्या. पाथवर विसंबू नये. तिथे दुसऱ्या कोणाची त्याच नावाची डीएलएल आधी सापडू शकते.

सीमेक ३.२१पासून ‘टार्गेट_रनटाइम_डीएलएल्स’ हा जनरेटर एक्स्प्रेशन मिळतो. त्याने लागणाऱ्या डीएलएलची यादी काढून बिल्डनंतर त्या शेजारी कॉपी करता येतात. पण सीमेकला त्या डीएलएलचा पत्ता माहीत असेल तरच.

‘.लिब’ हा शेवट इथे फसवा आहे. विंडोजवर स्टॅटिक लायब्ररीही ‘.लिब’ असते आणि डीएलएल जोडण्यासाठी लागणारी इम्पोर्ट लायब्ररीही ‘.लिब’च. नावावरून फरक कळत नाही. आकारावरून अंदाज येतो, कारण इम्पोर्ट लायब्ररी बरीच लहान असते. दुसरं म्हणजे इथे फंक्शन आपणहून बाहेर दिसत नाहीत, ती एक्सपोर्ट केल्याचं कोडमध्ये सांगावं लागतं. लिनक्सवर सगळंच बाहेर दिसतं, त्यामुळे तिथून आलेला कोड विंडोजवर लिंक होताना ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल’ म्हणत थांबतो. उलट दिशेने शिस्त लावलेली बरी. लिनक्सवरही ‘-एफव्हिजिबिलिटी=हिडन’ देऊन फक्त ठरवलेली फंक्शन उघडी ठेवावीत, म्हणजे तिन्हीकडे एकच चित्र राहतं.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘/एमडी’ आणि ‘/एमटी’ असे दोन पर्याय आहेत. पहिल्यात सी भाषेचं रनटाइम, म्हणजे तिची मूलभूत लायब्ररी, शेअर्ड राहतं, दुसऱ्यात ते आत जातं. दोन्ही प्रकारचा स्टॅटिक कोड एकत्र आला तर लिंकर ‘एलएनके२०३८’ म्हणून ओरडतो, हे बरंच झालं. डीएलएलच्या बाबतीत मात्र कोणी ओरडत नाही. ‘/एमटी’ने बांधलेल्या डीएलएलचा मेमरी-हीप (मेमरी घेण्या-देण्याचा साठा) वेगळा असतो. तिने घेतलेली मेमरी तुमच्या प्रोग्रॅमने मोकळी केली की कधी लगेच, तर कधी बऱ्याच वेळाने क्रॅश होतो. नियम सोपा ठेवा: सगळीकडे ‘/एमडी’, आणि जिने मेमरी घेतली तिनेच ती परत करायची.

विंडोजचे दोन एरर कोड ओळखीचे असू द्यावेत. ‘सी००००१३५’ने संपणारा कोड म्हणजे डीएलएल सापडलीच नाही. ‘सी०००००७बी’ म्हणजे बहुतेक वेळा सापडली, पण ६४-बिट प्रोग्रॅमला ३२-बिट डीएलएल मिळाली किंवा उलट.

## नाव जुळलं, तरी आतलं जुळेलच असं नाही

लायब्ररी सापडली म्हणून काम संपत नाही. एबीआय म्हणजे कंपाइल झालेल्या कोडमधला करार: कोणत्या स्ट्रक्चरमध्ये काय कुठे असतं, फंक्शनला माहिती कशी पोचते, नावं कशी लिहिली जातात. सोर्स कोड तसाच्या तसा राहूनही हा करार मोडू शकतो.

एक उदाहरण. लायब्ररीच्या हेडरमध्ये ‘लांबी’ आणि ‘रुंदी’ असे दोन ४ बाइटचे पूर्णांक असलेलं स्ट्रक्चर आहे. तुमच्या प्रोग्रॅमने त्यासाठी ८ बाइट राखून ठेवले. लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत ‘उंची’ आली, आकार १२ झाला. तुमचा प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता नव्या लायब्ररीवर चालवला की लायब्ररी १२ बाइट लिहिते आणि शेवटचे ४ तुमच्या दुसऱ्याच कुठल्या तरी व्हेरिएबलवर जाऊन पडतात. एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं. म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्याने असे बदल केले की सोनेमचा आकडा वाढवणं हे त्याचं कर्तव्यच आहे.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने हे कर्तव्य पाळलं, आणि म्हणूनच त्याचा त्रास सगळ्यांना दिसला. सप्टेंबर २०२१मध्ये आवृत्ती ३.० आली आणि ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’च्या जागी ‘लिबएसएसएल.एसओ.३’ झाली. उबुंटू २२.०४ या लिनक्स वितरणात जुनी लायब्ररी नव्हतीच, त्यामुळे तयार मिळालेले कित्येक प्रोग्रॅम तिथे सुरूच होईनात. अशा वेळी ३ला १.१ या नावाची सिमलिंक करून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अजिबात ऐकू नये. आकडा बदलला आहे तो ‘मी तीच नाही’ हे सांगण्यासाठीच.

सी++मध्ये करार आणखी नाजूक असतो. जीसीसी या कंपायलरच्या ५व्या आवृत्तीत स्ट्रिंग आणि लिस्टची आतली रचना बदलली. विंडोजवर मिनजीडब्ल्यू (जीसीसीचं विंडोज रूप) आणि मायक्रोसॉफ्ट कंपायलरचे सी++ कोड तर एकमेकांशी जुळतच नाहीत. लायब्ररीच्या सीमेवर साधा सी इंटरफेस ठेवला तर यातलं बरंच टळतं.

## जीलिबसी: जुन्यावर बांधा, नव्यावर चालवा

लिनक्सवर जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला जीलिबसी, म्हणजे सी भाषेची मूलभूत लायब्ररी, लागते. तिचं सोनेम वर्षानुवर्षं बदललेलं नाही, पण तिच्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीची चिठ्ठी असते. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो. नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेल याची हमी नाही. उबुंटू २२.०४मध्ये जीलिबसी २.३५ आहे आणि २०.०४मध्ये २.३१. ऑगस्ट २०२१च्या २.३४ आवृत्तीत प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनचीच नवी चिठ्ठी आली. त्यामुळे २२.०४वर बांधलेला, फक्त एक ओळ छापणारा सी प्रोग्रॅमही २०.०४वर ‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ म्हणून थांबतो.

तेव्हा ज्या सर्वांत जुन्या वितरणाला पाठिंबा द्यायचा आहे, त्याच्याच कंटेनरमध्ये (वितरणाच्या फाइली सोबत असलेल्या बंद डब्यात) बिल्ड करा. पायथॉनच्या पॅकेजांसाठी हीच कल्पना मेनीलिनक्स या नावाने प्रमाण झाली आहे. मेनीलिनक्स२०१४ जीलिबसी २.१७वर उभं आहे, आणि मेनीलिनक्स_२_२८च्या तर नावातच आकडा आहे. झिग भाषेसोबतच्या सी कंपायलरला लक्ष्य म्हणून जीलिबसीची आवृत्ती थेट सांगता येते, तोही चांगला मार्ग आहे. बांधून झाल्यावर ‘ऑब्जडंप -टी’ने (मोठा ‘टी’) प्रोग्रॅममधल्या चिठ्ठ्या पाहा. त्यातला सर्वांत मोठा आकडा म्हणजे तुमची खरी किमान अट.

## काय सोबत न्यायचं, काय नाही

सरसकट सगळं सोबत नेणं हेही चूकच. जीलिबसी आणि लोडर हे एकमेकांना बांधलेले असतात, त्यांना हात लावू नये. ग्राफिक्स ड्रायव्हरशी बोलणाऱ्या लायब्ररी वापरणाऱ्याच्याच मशीनवरच्या हव्यात, कारण त्या त्याच्या हार्डवेअरसाठी असतात. यातून एक आडवळणाची अडचण येते. तुम्ही जुनी लिबएसटीडीसी++ (सी++ची मूलभूत लायब्ररी) सोबत दिली आणि वापरणाऱ्याच्या नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरला नवी हवी असेल, तर प्रोसेसमध्ये आधी तुमची जुनी भरली जाते आणि ड्रायव्हरच नाकारला जातो. खिडकी उघडत नाही आणि दोष ड्रायव्हरवर येतो. ती सोबत द्यायचीच असेल तर सिस्टिमवरची तुमच्यापेक्षा जुनी असेल तेव्हाच वापरावी.

बाकी, म्हणजे चित्रं, कॉम्प्रेशन, डेटाबेस, एनकोडिंग यांच्या लायब्ररी खुशाल सोबत न्याव्यात. पायथॉनच्या जगात ऑडिटव्हील हे साधन अशा लायब्ररी पॅकेजमध्ये कॉपी करतं आणि फाइलच्या नावात हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला वेगळा कोड, घालतं. नाव बदलण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एका प्रोसेसमध्ये एकाच सोनेमची लायब्ररी एकदाच भरली जाते. दोन पॅकेजांनी त्याच नावाच्या दोन वेगळ्या प्रती आणल्या तर आधी येणारी जिंकते आणि दुसऱ्या पॅकेजला भलतीच प्रत मिळते.

## वेगळ्या प्रोसेसरसाठी बांधताना

इंटेल मशीनवर बसून एआरएमसाठी बिल्ड करताना पहिला शोधच चुकीच्या घरात जातो. पीकेजी-कॉन्फिग बिल्ड मशीनच्या लायब्ररी सुचवतो आणि लिंकर ‘स्किपिंग इनकम्पॅटिबल’ म्हणत राहतो. लक्ष्य मशीनच्या हेडर आणि लायब्ररींचं फोल्डर, म्हणजे सिसरूट, वेगळं ठेवून सगळ्या साधनांना तेच दाखवावं. इथे ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ पुरत नाही, कारण तो मूळ यादीच्या पुढे भर घालतो. ‘पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर’ मूळ यादीची जागाच घेतो, हवा आहे तो हा.

## तपासणी कशी करायची

लिनक्सवर ‘एलडीडी’ पूर्ण साखळी दाखवतो, पण काही वेळा तो प्रोग्रॅम चालवूनच ती काढतो. अनोळखी फाइलवर तो वापरू नये, ‘रीडएल्फ -डी’ वापरावा. मॅकवर ‘ओटूल -एल’ आणि विंडोजवर ‘डंपबिन /डिपेंडंट्स’ फक्त थेट लागणाऱ्या लायब्ररी दाखवतात. पुढची पायरी हाताने चढावी लागते. चालू असताना मागितल्या जाणाऱ्या लायब्ररी, म्हणजे प्लगइन, यातल्या कशातही दिसत नाहीत. त्यासाठी लिनक्सवर ‘एलडी_डीबग=लिब्ज’ लावून प्रोग्रॅम चालवावा. लोडर कोणतं फोल्डर कोणत्या क्रमाने पाहतो ते ओळीओळीने छापलं जातं.

सगळ्यात उपयोगी सवय ही: तिन्ही सिस्टिमवर प्रत्येक रिलीजच्या लायब्ररींची यादी एका मजकूर फाइलमध्ये काढून सोर्स कोडसोबत ठेवा आणि प्रत्येक बिल्डमध्ये नवी यादी तिच्याशी ताडून पाहा. एक नाव जरी वाढलं तरी बिल्ड अडवा आणि ते कुठून आलं हे माणसाने पाहावं. शिवाय बिल्ड फोल्डरचं नाव बदलून किंवा कोऱ्या मशीनवर प्रोग्रॅम एकदा चालवा. तुमच्याच मशीनचे कोरलेले पत्ते तिथे उघडे पडतात.

## ‘मग सगळं स्टॅटिकच का करू नये?’

छोट्या, स्वतंत्र साधनांसाठी जरूर करावं. पण एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष उघड झाला तेव्हा शेअर्ड लायब्ररी वापरणाऱ्यांना ती एक लायब्ररी बदलून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणं पुरलं. स्टॅटिक प्रती असलेला प्रत्येक प्रोग्रॅम शोधून पुन्हा बांधावा लागतो. स्टॅटिक निवडलंत तर ही जबाबदारी तुमची होते, आणि ती निभावण्याची तयारी हवी. शिवाय जीलिबसी पूर्ण स्टॅटिक केली तरी नावावरून नेटवर्क पत्ता शोधण्यासारख्या कामांना चालवताना तीच आवृत्ती शेअर्ड रूपात लागते, लिंकर तसा इशाराही देतो. मॅकवर सिस्टिम लायब्ररी स्टॅटिक जोडण्याची सोय नाही. एलजीपीएल परवान्याची लायब्ररी स्टॅटिक जोडली तर वापरणाऱ्याला ती बदलून पुन्हा लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागते.

## ‘एलडी_लायब्ररी_पाथ लावला की चालतं की!’

चालतं, आणि तपास करताना वापरायला हरकत नाही. पण ते व्हेरिएबल तुमच्या प्रोग्रॅमने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला वारशात मिळतं. तुमच्या ॲपने वेबपान उघडायला ब्राउझर सुरू केला, तर ब्राउझरही तुमच्या फोल्डरमधल्या लायब्ररी उचलतो आणि कोसळतो. मॅकवर तर संरक्षित प्रोग्रॅममधून जाताना सिस्टिम ‘डीवायएलडी_’ने सुरू होणारी व्हेरिएबलं काढूनच टाकते, त्यामुळे शेल स्क्रिप्टमधून लावलेला असा पाथ मधेच गायब होतो.

## ‘पॅकेज मॅनेजर हे सगळं सांभाळेल ना?’

अर्धं सांभाळेल. आवृत्त्या लॉक फाइलने किंवा व्हीसीपीकेजीच्या बेसलाइनने पक्क्या केल्या तर आज आणि सहा महिन्यांनी एकच लायब्ररी मिळेल. पण व्हीसीपीकेजी लिनक्सवर मूळ सेटिंगमध्ये स्टॅटिक बांधतो आणि विंडोजवर शेअर्ड, म्हणजे एकाच यादीतून दोन वेगळी वर्तनं. ट्रिपलेट, म्हणजे प्रोसेसर, सिस्टिम आणि जोडण्याची पद्धत ठरवणारं सेटिंग, स्वतः निवडा.

## ‘कंटेनरमध्ये टाकलं की प्रश्नच मिटला’

सर्व्हरसाठी बराच मिटतो. डेस्कटॉप ॲपसाठी, विंडोज आणि मॅकच्या वापरणाऱ्यांसाठी नाही. आणि कंटेनरमध्येही आधाराची इमेज, म्हणजे ज्या तयार वितरणावर कंटेनर उभा असतो ते, बदललं की खेळ बदलतो. उबुंटूवर बांधलेला प्रोग्रॅम अल्पाइन या छोट्या लिनक्स वितरणाच्या इमेजमध्ये कॉपी केला की ‘नॉट फाउंड’ येतं, जरी फाइल डोळ्यांसमोर असली, परवानग्या बरोबर असल्या तरी. न सापडलेली फाइल तुमची नसते, लोडर असतो. प्रोग्रॅममध्ये ‘/लिब६४/एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२’ हा जीलिबसीच्या लोडरचा पत्ता कोरलेला असतो, आणि अल्पाइनमध्ये जीलिबसीच्या जागी मसल ही वेगळी सी लायब्ररी असते. ‘रीडएल्फ -एल’ चालवून इंटरप्रिटरची, म्हणजे लोडरच्या पत्त्याची, ओळ वाचली की हे लगेच कळतं. मग अल्पाइनमध्येच पुन्हा बांधा, किंवा जीलिबसी असलेली इमेज घ्या.